अणुसंमीलन ऊर्जा : वीज स्वच्छ, पण वेळेत मिळेल?

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे संमीलन होऊन हेलियम तयार होतो व प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. ही प्रक्रिया पृथ्वीवर नियंत्रित स्वरूपात घडवून वीज मिळविण्याचे प्रयत्न १९५०च्या दशकापासून सुरू आहेत. हवामान बदलाच्या संकटाने त्यांना नवे महत्त्व आले आहे.

या प्रक्रियेत ड्युटेरियम व ट्रिटियम ही हायड्रोजनची समस्थानिके वापरली जातात. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यापासून मिळते. ट्रिटियम मात्र लिथियमपासून भट्टीतच तयार करावे लागेल. संमीलनातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होत नाही. न्यूट्रॉनच्या माऱ्याने भट्टीचे भाग किरणोत्सारी होत असले, तरी अणुविखंडनातील जळालेल्या इंधनासारखा हजारो वर्षे धोकादायक राहणारा कचरा उरत नाही. शिवाय ऊन-वाऱ्यावर अवलंबून नसल्याने ही वीज कोळशाच्या विजेप्रमाणे अहोरात्र मिळू शकेल.

अडचण तंत्रज्ञानाची आहे. सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस तापमानाचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवावा लागतो. डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने लेसरच्या वेगळ्या मार्गाने २.०५ मेगाज्यूलच्या मोबदल्यात ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळविली. परंतु लेसर यंत्रणेलाच सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली.

दक्षिण फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारतही भागीदार आहे. त्याच्या भट्टीला वेढणारे क्रायोस्टॅट हे अजस्र पोलादी कवच भारताने पुरविले असून, त्याचे भाग गुजरातमधील हजिरा येथे तयार झाले. प्लाझ्माला ५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळविणे हे 'इटर'चे उद्दिष्ट आहे. वीजनिर्मिती मात्र तेथे होणार नाही. २०२४मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९मध्ये सुरू होतील.

खरा प्रश्न वेळेचाच आहे. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची, तर कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन २०५०च्या सुमारास शून्यावर यायला हवे, असे 'आयपीसीसी'ने २०१८मध्ये स्पष्ट केले. काही खासगी कंपन्या २०३०च्या दशकातच वीज देण्याची ग्वाही देत असल्या, तरी संमीलनाची वीज अद्याप कोणत्याही ग्राहकापर्यंत पोहोचलेली नाही. त्यामुळे येत्या दोन दशकांतील उत्सर्जन कपातीचा भार सौर, पवन व प्रचलित अणुऊर्जेलाच वाहावा लागेल. शतकाच्या उत्तरार्धात मात्र संमीलन कोळशाची जागा घेऊ शकते. २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवणाऱ्या भारतासाठी ही शक्यता मोलाची आहे. तिच्या भरवशावर आजची कपात लांबणीवर टाकणे मात्र परवडणारे नाही.