दवा, दुआ आणि तिची स्वतःची सही

शिंदखेडा तालुक्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात जाऊन ‘डिप्रेशन कुणाला आहे?’ असे विचारले तर एकही बाई हो म्हणणार नाही. पण ‘जीव घाबरतो’, ‘डोके जड राहते’, ‘रात्ररात्र झोप नाही’, ‘बाळंतपणापासून कशातच मन लागत नाही’ असे सांगणाऱ्या बाया घरोघरी भेटतील. घरातले कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते असर आहे. मग तावीज येतो, दम केलेले पाणी येते, जुमेरातला दर्ग्याची फेरी सुरू होते. होळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीबाबांच्या दर्ग्याला खानदेशातूनही लोक जातात. यात वर्षे निघून जातात. डॉक्टरचे नाव सर्वांत शेवटी आणि तेही दबक्या आवाजात निघते. लोक ‘वेडी’ म्हणतील, बहिणीचे लग्न अडेल, सासरचे माहेरी पाठवून देतील, ही भीती खोटी नाही.

या भीतीला दोन समजुतींचा आधार असतो. एक, मन आजारी पडणे म्हणजे इमान कमजोर असणे. दुसरी, मनाचा इलाज ही पाश्चात्त्यांची गोष्ट आहे. इतिहास पाहिला तर दोन्ही टिकत नाहीत.

बल्खचा हकीम

हजरत खदिजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी वारले, त्या वर्षाला सीरतच्या ग्रंथांत ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष म्हटले जाते. प्रेषितांच्या (स.) आयुष्यातल्या एका वर्षाची ओळखच दुःखाने झाली आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मुलाच्या विरहात हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी गेली, हे कुरआनात आहे. कुटुंबात मयत झाली की हजरत आयेशा (रजि.) जवाची पातळ खीर, तलबीना, करायला सांगत, तिने दुःखी मनाला आराम पडतो, असे त्या सांगत, हे हदीसमध्ये आले आहे. म्हणजे दुःखाला उपचार लागतो, ही जाणीव आपल्या परंपरेत पहिल्यापासून आहे.

पुढे बल्ख शहरात अबू जैद अल-बल्खी (८५०-९३४) हे विद्वान होऊन गेले. ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ या ग्रंथात त्यांनी शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र भाग लिहिला. राग, भीती, दुःख आणि वसवसा, म्हणजे डोक्यातून न जाणारे विचार, अशी त्यांनी मनाच्या त्रासाची विभागणी केली. दुःखाचेही दोन प्रकार सांगितले: कारण माहीत असलेले आणि कारण सापडत नसलेले. दुसऱ्याने समजावून सांगणे आणि आपण स्वतः चांगले विचार आधीच साठवून ठेवणे, हे त्यांचे उपाय. आजचा समुपदेशक जे करतो, त्याच्या हे बरेच जवळ आहे.

कैरोत १२८४ साली सुलतान कलावूनने बांधलेल्या इस्पितळात स्त्री-पुरुषांसाठी वेगळे कक्ष होते आणि मनोरुग्णांवरही इलाज होई. त्या काळात दवा आणि दुआ एकाच छताखाली होत्या.

सही दुसऱ्याची

आपल्याकडे हे चित्र इंग्रजी अमलात पालटले. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, अहमदाबाद, धारवाड इथे सरकारी ‘पागलखाने’ उभे राहिले. त्यांत पुरुषांच्या मानाने बायका फार कमी असत. त्या आजारी नव्हत्या असे नाही. घरातली बाई घराबाहेर जाऊ द्यायची नाही, हे खरे कारण. तिचा आजार माजघरातच राहिला.

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने दाखल करण्याची रीत ठरवली. मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करायचा तो शक्यतो नवऱ्याने किंवा बायकोने, ते नसतील तर जवळच्या नातेवाइकाने. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले. स्वतःहून दाखल होण्याची एक वाट होती, पण तिलाही संस्थेच्या दोन ‘व्हिजिटरां’ची संमती लागे. बाईच्या बाबतीत याचा सरळ अर्थ असा, की सही नवऱ्याची, बापाची किंवा भावाची. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशके टिकला. १९८७ च्या कायद्यानेही नातेवाइकांच्या अर्जावर ९० दिवसांपर्यंत ठेवून घेण्याची तरतूद राखली. ‘वेड्यांचे इस्पितळ’ या शब्दाची आपल्या बायकांना वाटणारी दहशत इथून आली आहे.

एरवाडी आणि उनावा

दुसरीकडे दर्ग्यांच्या आसऱ्याने खासगी निवारे वाढले. तामिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत बायकाही होत्या. त्यांना तिथे त्यांच्या घरच्यांनीच सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

एरवाडीचा धडा गुजरातेत वेगळ्या रीतीने गिरवला गेला. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. ‘हाजरी’ येणाऱ्या बायकांची तिथे मोठी गर्दी असते. २००८ पासून तिथे ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. ते दुआ करतात आणि रुग्णाला शेजारीच बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. धागाही बांधला जातो, गोळीही दिली जाते. श्रद्धा सोडा, अशी अट कुणी घातली नाही. बल्खीच्या वाटेवर परत येण्यासारखेच हे आहे.

सही तिची

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पहिल्यांदा उपचार हा हक्क मानला. सज्ञान स्त्री स्वतः जाऊन उपचार मागू शकते. तिची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. साखळीने बांधण्यास बंदी आहे. दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करता येत नाही. समाजाच्या रीतीप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. ‘ऐकत नाही म्हणून वेडी’ म्हणणाऱ्या घरांसाठी ही ओळ फार महत्त्वाची आहे.

महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खानदेशात एकही नाही. पण बहुतेक बायकांना तिथे जायची गरजही नसते. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येते. एसटीला बायकांना अर्धे तिकीट आहे. तेवढेही जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

पहिल्या भेटीत डॉक्टर झोप, भूक, पाळी, बाळंतपण आणि घरातला ताण याबद्दल विचारतात. थायरॉईड किंवा रक्त कमी असण्यानेही असा त्रास होतो, म्हणून तपासण्या सांगतात. मनोविकारतज्ज्ञ औषध देतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. कुणाला एक लागते, कुणाला दोन्ही. बाई डॉक्टर हवी असेल तर तसे विचारावे, त्यात संकोच नको. घरात मारहाण होत असेल तर तेही सांगावे, कारण मग उपचार एकट्या गोळीने होत नाही. एका भेटीत फरक पडत नाही, गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. रमजानमध्ये वेळ बदलायची तर डॉक्टरला विचारून सहरी-इफ्तारला बसवता येते, आणि आजारी माणसाला रोज्यात सवलत शरियतनेच दिली आहे.

तावीज गळ्यात राहू द्या, नमाज चालू ठेवा. सोबत केसपेपरही काढा. जुमेरातला तिच्याबरोबर दर्ग्यापर्यंत जाणारी सासू, जाऊ किंवा बहीण एखाद्या सोमवारी धुळ्याच्या एसटीत तिच्या शेजारी बसली, तर अर्धे काम तिथेच होते. मात्र कागदावरची सही तिला स्वतःला करू द्या.