आंबटाचे खाते

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटासाठी बँकेतला कारकून. साहजिकच शब्दाकडेसुद्धा मी खाते म्हणूनच पाहतो: कोणाच्या नावे उघडले आणि आज शिल्लक काय?

बीड जिल्ह्यात राहणाऱ्याने ‘आंबट’चे खाते तपासावे याला कारण आहे. अंबाजोगाईला अनेकजण ‘आंबेजोगाई’ म्हणतात, आणि एखादा पाहुणा स्टँडवर उतरताच आमराई शोधू लागतो! आता गावाचे नाव देवीवरून. अंबा म्हणजे आई. तिचा आंब्याशी संबंध नाही, आंबटाशी तर नाहीच. निजामाच्या अमदानीत हेच गाव मोमिनाबाद होते, तेव्हा हा घोटाळाच नव्हता.

खरी भानगड केली ती प्राकृताने. संस्कृतात फळ ते ‘आम्र’ आणि चव ती ‘अम्ल’. प्राकृताने दोघांना घासूनपुसून ‘अंब’ करून टाकले. म्हणजे चक्क जॉइंट अकाउंट! वाटणीची वेळ मराठीवर आली. तिने फळाला ‘आंबा’ म्हटले आणि चवीला ‘ट’चे शेपूट लावले. हे शेपूट तिच्या फार आवडीचे दिसते: तीक्ष्णाचे तिखट, क्षाराचे खारट, तुवराचे तुरट. षड्रसांपैकी चार शेपटीवाले. गोड आणि कडू तेवढे सुटले.

‘अम्ल’चे प्राकृतात आणखी एक रूप होते, ‘अंबिल’. तीच आपली आंबील. लातूरच्या बाजूला येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात बसून लोक ज्वारीच्या पिठाची आंबील पोटभर पितात. आंबणे म्हणजे पिठाला रात्रभरात मिळालेले व्याज!

पण शहरात या खात्यावर नावे काय पडले? आंबट चेहरा, आंबट विनोद आणि आंबटशौकीन. आमचे चिरंजीव आंबिलीला नाक मुरडतात आणि ‘टँगी’ छापलेल्या पाकिटाला वीस रुपये मोजतात. चव तीच, नाव इंग्रजी झाले की भाव चढतो.

एक नोंद मात्र बाकी आहे. दसरा-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातली माणसे बिऱ्हाड घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. दिवसभर कोयता चालवून मोळ्या वाहिल्या की रात्री म्हणतात, “अंग आंबलं.” साखर साऱ्या देशाच्या चहात पडते; आंबणे तेवढे आमच्या जिल्ह्याच्या खात्यावर राहते.