शुद्धीचें माप

"अमका शुद्धीवर आहे," "तमक्याची शुद्ध हरपली," हीं वाक्यें आपण सहज बोलून जातों. आजारी मनुष्यानें डोळे उघडून आपलें नांव घेतलें, पाणी मागितलें, म्हणजे तो शुद्धीवर आहे अशी आपली खात्री होते; आणि तसें कांहीं घडलें नाहीं म्हणजे तो शुद्धीवर नाहीं असें आपण ठरवितों. या दोन अनुमानांपैकीं पहिलें खरें असतें; दुसरें तसें असेलच असें नाहीं. हाकेला ओ न मिळणें आणि हाक ऐकूं न येणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद ओळखण्याचीं साधनें वैद्यकशास्त्रास कशीं मिळालीं, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रश्न जुना असला तरी तो तातडीचा झाला तो डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें. १९५२ सालीं त्या शहरांत पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी पटापट मरूं लागले. तेव्हां ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें रोग्याच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून, तींत नळी बसवून, रबरी पिशवीनें हवा आंत दाबण्याची युक्ति योजिली. आणि वैद्यकीचे शेंकडों विद्यार्थी पाळीपाळीनें रात्रंदिवस त्या पिशव्या दाबीत बसले. पुढच्याच वर्षीं इब्सेन यांनीं अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला. आजचे अतिदक्षता विभाग हे त्याचेच वंशज होत. पूर्वीं मेंदूस जबर इजा झालेला मनुष्य श्वास थांबून बहुधा मरत असे. आतां यंत्र त्याच्यासाठीं श्वास घेऊं लागलें. देह राहिला, आणि त्या देहांत जाणीव आहे कीं नाहीं हा प्रश्न उशाशीं येऊन बसला.

उत्तर द्यावें तर शब्दांचाच घोटाळा होता. एक डॉक्टर जिला गुंगी म्हणे, तिलाच दुसरा बेशुद्धि म्हणे. रात्रपाळीची नोंद वाचून रोगी सुधारत आहे कीं बिघडत आहे हें सकाळीं येणारास उमजेना. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरचे ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट या दोघां शस्त्रवैद्यांनीं १९७४ सालीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत यावर एक साधा उपाय मांडला. रोगी डोळे केव्हां उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवितो, एवढ्या तीनच गोष्टी पाहाव्या व जसें दिसेल तसें लिहावें. पुढें या पायऱ्यांस अंक मिळाले: डोळ्यांस ४, वाणीस ५ व हालचालीस ६. बेरीज कमींत कमी ३, जास्तींत जास्त १५. ८ किंवा त्याहून कमी भरल्यास इजा गंभीर समजतात. परिचारिकेसही मापतां यावें असें हें माप जगभर पसरलें.

या मापाचें थोरपण त्याच्या विनयांत आहे. रोग्यास आंतून काय जाणवतें हें सांगण्याचा दावा तें करीत नाहीं. तो काय करतो एवढेंच तें सांगतें. घोटाळा होतो तो अंकालाच निकाल मानल्यानें. ज्याच्या घशांत नळी आहे तो बोलणार कसा? ज्याचे हातपाय लुळे आहेत तो ते हलविणार कसे? २००५ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें वाणीचा रकाना वगळून, श्वासाची व मेंदूच्या देठाच्या प्रतिक्रियांची नोंद घेणारें निराळें माप तयार झालें तें याच अडचणीमुळें.

याहून बिकट गोष्ट पुढेंच होती. कांहीं रोगी डोळे उघडतात, झोंपतात, जागे होतात. पण ओळख दाखवीत नाहींत. जेनेट व फ्रेड प्लम यांनीं १९७२ सालीं या अवस्थेस वनस्पतिवत् अवस्था असें नांव दिलें. नांव रूढ झालें, परंतु निदान डळमळीतच राहिलें. बेल्जममधील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, डॉक्टरांनीं एकमतानें या अवस्थेंत गणलेले ४४ रोगी पद्धतशीर चांचणीनें पुन्हां तपासले, तों त्यांपैकीं १८ जणांत जाणिवेच्या खुणा आढळल्या. अशा चांचणींत एक साधी वस्तु फार उपयोगी पडते. ती म्हणजे आरसा. दुसऱ्या कशाकडेही न वळणारी नजर कित्येकदां स्वतःच्याच मुखाच्या प्रतिबिंबामागें हळूहळू फिरते.

नजरही वळत नसेल तर? केंब्रिज येथें एड्रियन ओवेन यांनीं २००६ सालीं अपघातांत सांपडलेल्या एका २३ वर्षांच्या तरुणीस, मेंदूचें चित्र घेणाऱ्या यंत्रांत निजवून, आपण टेनिस खेळत आहोंत अशी कल्पना करण्यास सांगितलें. नंतर आपल्या घरांतून फिरत आहोंत अशी. बाहेरून ती निश्चल होती. परंतु दोन्ही वेळां धडधाकट माणसाच्या मेंदूचे जे भाग जागृत होतात तेच तिच्याही मेंदूंत झाले. पुढें न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं २०१९ सालीं अतिदक्षता विभागांतील १०४ निरुत्तर रोग्यांच्या मेंदूंतील विद्युल्लहरी, "हात उघडा, मिटा" अशी आज्ञा देत तपासल्या. १६ जणांच्या मेंदूनें आज्ञा पाळली होती, हात मात्र हलला नव्हता. त्यांपैकीं ७ जण वर्षानंतर दिवसाचे कांहीं तास स्वतःचें स्वतः पाहूं शकत होते.

यावरून प्रत्येक घरानें मोठी आशा बाळगावी असें नाहीं. उरलेल्या ९ जणांची गोष्ट तशी नव्हती. उलटपक्षीं, यंत्रास खूण मिळाली नाहीं म्हणून जाणीव नाहींच असेंही म्हणतां येत नाहीं, कारण धडधाकट माणसांतही ती कधीं कधीं सांपडत नाहीं. पण यंत्राचा श्वास थांबवावा कीं चालूं ठेवावा हा निर्णय पुष्कळदां पहिल्या कांहीं दिवसांतच आप्तांपुढें येतो, आणि त्या वेळीं घाई फार महाग पडते. अमेरिकेंतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१८ सालीं डॉक्टरांस जी सूचना केली ती याच धोरणाची आहे: पहिल्या २८ दिवसांत सरसकट निराशेचे उद्गार काढूं नयेत, आणि तपासणी एकदां करून न थांबतां पुनःपुन्हां करावी. घरच्यांसाठींही यांत बोध आहे. रोग्याच्या उशाशीं बसून त्याच्याविषयीं बोलतांना, तो ऐकत असेल असें धरूनच बोलावें.