पुस्तक कुणी काढलं?

आम्ही घाटकोपरहून बोलतोय. गटाच्या बैठकीत ठराव झाला, वहीत लिहिला, सह्या-अंगठे झाले, की एकटी अध्यक्ष तो खोडू शकत नाही. खोडायचा तर पुन्हा बैठक लावावी लागते. एवढं ध्यानात ठेवून पुढचं ऐका.

२०१० सालची गोष्ट. मुंबई विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी साहित्यात एक कादंबरी होती, ‘सच अ लाँग जर्नी’. लेखक रोहिंटन मिस्त्री, मुंबईचे पारशी, पुढे कॅनडात गेलेले. १९९१ साली आलेलं हे पुस्तक बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होतं. यातली मुंबई १९७१ची. बँकेत नोकरी करणारा गुस्ताद नोबल आणि त्याचं कुटुंब. त्यांच्या इमारतीच्या भिंतीपाशी लोक लघवीला बसत. गुस्ताद फुटपाथवरच्या एका चित्रकाराकडून भिंतीवर सगळ्या धर्मांचे देव-संत काढून घेतो, आणि घाण थांबते. आम्हाला तर हे आपल्याच गल्लीतलं वाटलं.

पुस्तकात शिवसेनेबद्दल आणि बाळासाहेबांबद्दल कडवट बोलणं येतं. त्यावरून भारतीय विद्यार्थी सेना चिडली, विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या गेल्या. तेव्हा सेंट झेवियर्समध्ये शिकणारे आदित्य ठाकरे यांनीही तक्रार केली. कुलगुरू राजन वेळूकर यांनी १९९४च्या विद्यापीठ कायद्यातला तातडीचा अधिकार वापरला आणि चालू वर्षात पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं. नेहमीच्या सभेची वाट न बघता निर्णय घ्यायचा, असा तो अधिकार. पूर आला, आग लागली, तर हवाच. पण कादंबरीतल्या चार ओळींसाठी कसली तातडी? झेवियर्सचेच प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी या निर्णयाला उघड विरोध केला, हे विशेष.

आणि हे विद्यापीठ म्हणजे नुसतं फोर्ट-कलिना नव्हे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली कॉलेजंही त्यातच येतात. मुंबईत काढलेलं पुस्तक कोकणातल्या मुलींच्याही हातून गेलं.

राग येणाऱ्यांना बोलायचा हक्क आहेच. घटनेच्या १९व्या कलमाने तो त्यांनाही दिलाय, लेखकालाही. त्यांनी सभा घ्यावी, लेख लिहावा, वर्गात भांडावं. आमचा आक्षेप पुस्तकच उचलून नेण्याला आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, तेव्हाही लोक चिडले होते. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तरी पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. आज विद्यापीठांत ते अभ्यासलं जातं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आपल्याला मिळालेलं नाही.