बॉयकॉट आणि बहिष्कार

'बॉयकॉट' हे मुळात एका माणसाचे आडनाव, असे वर्गात सांगितले की मुले हसतात. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, तर याने जमिनीवरून हुसकण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा लँड लीगच्या पाठबळाने साऱ्या पंचक्रोशीने त्याच्याशी व्यवहार तोडला. गडी-मोलकरणी निघून गेल्या, दुकानदार माल देईनात. अखेर अल्स्टरहून पन्नासएक मजूर आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक आणून पीक काढावे लागले. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. डिसेंबरात बॉयकॉटने मुलूख सोडला; तोवर त्याचे नाव क्रियापद बनले होते.

म्हणजे जन्माने हा शब्द कुळांचा आहे, कारभाऱ्यावर उगारलेला.

मराठीत आल्यावर मात्र त्याचे गोत्र बदलले. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत त्याला 'बहिष्कार' हा प्रतिशब्द मिळाला. पण हा शब्द येथे आधीपासून होता, आणि त्याचे धनी होते जातपंचायत व ब्रह्मवृंद. (१८९० च्या पंचहौद मिशनमधील चहावरून खुद्द टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त चुकले नाही.) त्यांना निदान प्रायश्चित्ताची वाट होती. आम्ही जन्मतःच बाहेरचे. बाबासाहेबांनी हाच शब्द उचलून १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा' काढली, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'.

बाबासाहेब सभासद असलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले, की उघड हिंसाही सामाजिक बहिष्कारापुढे फिकी पडते. कारण बहिष्कार कायदेशीर ठरतो. मजुरी कोणाला द्यावी, माल कोणाला विकावा, हा ज्याचा-त्याचा हक्क! सार्वजनिक विहिरीवर पाणी भरले, नवरदेव घोड्यावर बसला, एवढे निमित्त पुरे होई. बॉयकॉटच्या मदतीला सैन्य धावले. आमच्या वस्त्यांकडे कोण आले?

माझ्या आज्याने येसकरकी सोडली तेव्हा गावच्या गिरणीने त्याचे दळण नाकारले. ज्वारीचे गाठोडे डोक्यावर घेऊन तो शेजारच्या गावी जाई. 'बॉयकॉट' त्याने कधी ऐकला नव्हता. 'वाळीत टाकणे' त्याला पाठ होते.

बहिष्कार हा गुन्हा ठरवा, ही मागणी बाबासाहेबांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याचा दाखला देऊन गोलमेज परिषदेत मांडली होती. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ साली अमलात आला. आजा तोवर गेला होता.