‘काळी लव’ : तळटीप

१. मूळ मजकुरात तिवराच्या मुळांवरची जी ‘काळी लव’ आली आहे, ती बुरशी नव्हे, सुकलेला गाळही नव्हे. ती समुद्री शैवाले आहेत, आणि काळी दिसली तरी वर्गीकरणाने तांबडी. बोस्ट्रिकिया, कॅलोग्लोसा, कॅटेनेला या प्रजाती उष्ण प्रदेशांतल्या खारफुटीत बहुधा एकमेकींच्या सोबतीने आढळतात. एरिका पोस्ट या जर्मन संशोधिकेने १९३६ साली या सोबतीला ‘बोस्ट्रिकिएटम’ असे नाव दिले.

ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेले एखादे श्वसनमूळ वाकून जवळून पाहावे. बोस्ट्रिकियाचे कुरळे धागे उन्हाने चुरचुरीत झालेले असतात. भरतीचे पाणी लागताच ते मऊ पडतात आणि आमसुली रंग उमटतो. कॅलोग्लोसाची इवलीशी पट्टी मधल्या शिरेमुळे लगेच ओळखू येते. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडावते, उन्हाळ्यात खारटते; पेशींतल्या सॉर्बिटॉलसारख्या द्रव्यांचे प्रमाण कमीजास्त करून बोस्ट्रिकिया ते सोसते.

शैवालाचा जैवभार काढण्यासाठी मुळावरून ते खरवडतात, गाळ धुतात, वाळवून तोलतात. हे वजन कधी मुळाच्या पृष्ठभागाच्या, तर कधी जमिनीच्या दर चौरस मीटरला सांगतात. श्वसनमुळे दाट असतील तिथे हे दोन आकडे फार वेगळे पडतात, म्हणून एकक पाहिल्याशिवाय दोन खाड्यांची तुलना करू नये. — संपादक