पुसलेली मालिका, उरलेले पुस्तक

कादंबरीवरून मालिका निघाली की आपण कौतुकाने विचारतो, ‘मूळ पुस्तक वाचलंय का?’ पण मालिकेवरून कादंबरी निघाली की ती धंद्याची गोष्ट ठरते. मुखपृष्ठावर नटाचा फोटो, आत पिवळट कागद आणि ठरलेल्या मुदतीत लिहून दिलेला मजकूर! विज्ञानकथेतल्या अशा पुस्तकांची तर दुप्पट हेटाळणी झाली. मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. ते मत बदलले एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञामुळे. त्याचा धागा थेट मराठी विज्ञानकथेपर्यंत पोहोचतो, म्हणून हा विषय.

हे खगोलशास्त्रज्ञ म्हणजे केंब्रिजचे फ्रेड हॉयल. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी तयार होतात हे उलगडून दाखवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. १९५७ साली त्यांनी ‘द ब्लॅक क्लाऊड’ ही कादंबरी लिहिली. त्यानंतर जॉन एलियट या लेखकाबरोबर त्यांनी बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका लिहिली. १९६१ च्या शरद ऋतूत ती प्रक्षेपित झाली. देवयानी दीर्घिकेच्या दिशेने रेडिओ दुर्बिणीवर एक संदेश येतो. तो उलगडल्यावर कळते की ती एक संगणक बांधण्याची कृती आहे, आणि तो संगणक पुढे माणसांकडून एक सजीव घडवून घेतो. ती भूमिका तेव्हा नवख्या असलेल्या ज्यूली ख्रिस्तीने केली होती. लगेच १९६२ मध्ये याच दोघांनी मालिकेवरून कादंबरी लिहिली.

पुढे काय झाले? बीबीसीने मालिकेच्या मुद्रणांपैकी बहुतेक नष्ट केली. त्या काळी हे सर्रास चाले. चित्रफीत महाग, साठवायला जागा नाही, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुन्हा कोण पाहणार, असा हिशेब. आज सातांपैकी एकच भाग पूर्ण मिळतो, बाकीचे काही तुकडे. मालिका गेली, कादंबरी राहिली. ज्या पुस्तकाला मालिकेची सावली म्हणायचे, तेच आता मूळ वस्तूच्या जागी उभे आहे.

हा एकच अपवाद नव्हे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचे नव्वदहून अधिक जुने भाग असेच हरवलेले आहेत. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाने तिच्या कथांच्या छोट्या कादंबऱ्या काढल्या. त्यांतल्या साठाहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिल्या. घरोघरी व्हिडिओ येण्याआधी, चुकलेला भाग पाहण्याचा मुलांपुढे तोच एक उपाय होता. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या कथा १९६७ पासून जेम्स ब्लिश यांनी पुस्तकरूपात आणल्या. ते ह्यूगो पुरस्कार मिळालेले लेखक होते. हातात संहिता असे, चित्र नसे. त्यामुळे पडद्यावरच्या आणि पुस्तकातल्या प्रसंगांत फरक पडत. वाचणाऱ्याला एकाच गोष्टीची दोन रूपे मिळाली, हे मला त्यातले खरे धन वाटते.

आता मराठीकडे येऊ. हॉयल यांची मालिका बीबीसीवर चालू होती तेव्हा त्यांच्या हाताखाली केंब्रिजमध्ये कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण संशोधन करीत होता. त्याचे नाव जयंत नारळीकर. विश्वाविषयी विचार करणाऱ्या माणसाने गोष्टी लिहिणे यात कमीपणा नाही, हे त्यांना गुरूच्या घरातच दिसले असणार. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. नंतर उलगडले की ही जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरे उलटी फिरवलेली! पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून या नव्या लेखनाची दखल घेतली. म्हणजे आपल्याकडे विज्ञानकथा स्पर्धेतून आणि मासिकांतून वाढली, पडद्यावरून नव्हे.

आणि ते स्वाभाविकच होते. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधी जयंतीला सुरू झाले. आम्हा गोवेकरांच्या घरी तो डबा यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. पुढे दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’ (१९८९), ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) अशा हिंदी मालिका आल्या. नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ आली. आमच्या पिढीने त्या डोळे विस्फारून पाहिल्या. पण मालिकेवरून कादंबरी काढण्याची प्रथा मराठीत रुजली नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असा प्रवास नेहमी पुस्तकाकडून पडद्याकडे झाला. त्यामुळे चिमणराव आजही वाचता येतो. उलट ज्या मालिका थेट पडद्यासाठी लिहिल्या गेल्या, त्या आता पाहणाऱ्यांच्या आठवणीत आणि यूट्यूबवर कुणी चढवलेल्या अंधूक तुकड्यांत उरल्या आहेत.

नकाशावर बऱ्हाणपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरांत धूलकोट नावाचे गाव दिसते. जळगावच्या सीमेला लागलेला हा जिल्हा. इथे मराठी, निमाडी आणि आदिवासींच्या बोली शेजारी नांदतात. १९७४ साली या डोंगरांत दूरचित्रवाणीची लहर पोहोचत नव्हती. ‘कृष्णविवर’ इथल्या एखाद्या मराठी वाचकाकडे पोहोचायची तर ती छापील पानावर, एसटीने किंवा टपालानेच. आणि गंमत पाहा, याच जिल्ह्यातल्या नेपानगरला देशातली वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी आहे. १९५६ साली पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले, आणि पुढे कित्येक वर्षे असा कागद बनवणारी ती देशातली एकमेव गिरणी होती. बांबू आणि सालई ही जंगलातली झाडे हा तेव्हा तिचा कच्चा माल होता. मधली काही वर्षे ती बंद होती, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हलका, लवकर पिवळा पडणारा तो कागद. टिकाऊ म्हणून कुणी त्याची ख्याती सांगणार नाही. तरीही महागड्या चित्रफितींपेक्षा स्वस्त कागदावरची अक्षरे जास्त जगली, कारण त्यांच्या प्रती हजारो घरांत विखुरल्या होत्या. सगळ्या प्रती एकाच वेळी पुसून टाकणे कुणाच्या हातात नव्हते. आज मालिका एखाद्या कंपनीच्या संगणकावर असते आणि करार संपला की एका रात्रीत नाहीशी होते. बीबीसीच्या फितींचीच ही नवी आवृत्ती.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या कथा मात्र माझ्या कपाटात आहेत, तुमच्याही असतील. तेव्हा रद्दीच्या दुकानात नटाचा फोटो असलेली एखादी फाटकी कादंबरी दिसली, तर हसून पुढे जाऊ नका. आधी चाळून पाहा. तिची मालिका कदाचित आता कुठेच नसेल.